शेंगेवरून झाड ओळखा



फूल चार दिवस टिकतं, शेंग मात्र महिनोन्‌महिने झाडावर असते. कोकणात आपण चिंच, बाभूळ, शेवगा शेंगेवरूनच ओळखत होतो. तीच नजर इथे इस्रायलमध्येही कामाला येते. फक्त सांभाळायचं एवढंच, की इथली एखादी शेंग गावाकडच्या खाण्याच्या शेंगेसारखी दिसते आणि असते विषारी. फिरायला जाताना, नातवंडं बरोबर असताना, ही माहिती जवळ असू द्या.

खारुव : तू-बिश्वातला आपण खातो तीच ही शेंग. वीतभर लांब, चपटी पण जाड, चॉकलेटी रंगाची. चवीला गोड, चिंचेचा आंबटपणा नाही. वाळलेली शेंग हलवली की आतल्या कडक बिया वाजतात. शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं आणि उन्हाळा संपता संपता ती तयार होते. बहुतेक नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एखाद्या खारुवला शेंगा नसल्या तर झाड आजारी आहे असं समजू नका.

कलील-हाखोरेश : गालील, कार्मेल आणि येरुशलाईमच्या डोंगरांत आढळतं. वसंतात गुलाबी फुलांनी भरून जातं. शेंग खारुवसारखी चपटी, पण कागदासारखी पातळ. आधी लालसर, मग तपकिरी होते आणि पानं गळाल्यावरही झुपक्यांनी लटकत राहते. पान आपट्यासारखं रुंद, पण मधे चिरलेलं नसतं.

शिता : नेगेव आणि अरावाचं काटेरी झाड, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी असते, तर शिताची स्प्रिंगसारखी पिळलेली. मिश्कानसाठी ज्या लाकडाचा उल्लेख तोरामध्ये आहे, ते शिताचंच.

तुर्मुस (विषारी) : डोंगरउतारावरचं निळं रानफूल. शेंग पावट्यासारखी फुगीर, पण तिच्यावर दाट लव असते. आत मोठ्या बिया. पावटे समजून तोडू नका, कडू आणि विषारी असतात. बाजारात मिळणारे तुर्मुसचे दाणे वेगळ्या जातीचे. तेसुद्धा उकडून, बरेच दिवस पाणी बदलत भिजवल्यावरच खातात.

हर्दूफ (फार विषारी) : म्हणजे आपली कण्हेर. गालीलमध्ये ओढ्याकाठी रानटी उगवते, शहरात रस्त्याकडेला लावतात. शेंगा बारीक, लांब, दोन-दोन जोडीने. उकलल्या की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. गावाकडची पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणायचो, ती वेगळी. तिला गोल फळ येतं. विषारी दोन्ही. हर्दूफचं पान, फूल, काडी सगळंच विषारी, म्हणून मंगलवर मांस भाजायला तिची काडी कधीही वापरू नका.

किकायोन (फार विषारी) : म्हणजे एरंड. योना नबीच्या पुस्तकात किकायोनचं नाव येतं. पडीक जागेत, ओढ्याकाठी वाढतो. शेंग लांब नसते. तीन कप्प्यांचं काटेरी बोंड असतं. आत चकचकीत, ठिपक्यांच्या बिया. मुलांना त्या मण्यांसारख्या वाटतात आणि ती खिशात भरतात. एरंडेल तेल आपण औषध म्हणून घेत होतो, तरी कच्ची बी चावली तर जिवावर बेतू शकतं.

शेंग नसलेली दोन फुलं : कलनीत 2013 साली लोकांच्या मतांनी राष्ट्रीय फूल ठरलं. पाकळ्या गळाल्या की देठावर कापसासारखा गोळा दिसतो; वारा त्यातल्या बिया नेतो. रकेफेतचा देठ फूल गेल्यावर जमिनीकडे वाकतो, त्याच्या टोकाला गोल बोंड असतं आणि त्यातल्या बिया मुंग्या वाहून नेतात. दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. रकेफेतचा कंद उपटून कुंडीत लावायला आणू नका.

लक्षात ठेवा

1. ओळख पक्की नसेल तर शेंग तोंडात घालू नका. जनावर खातं म्हणून माणसाला चालेल असं नाही.
2. फिरून आल्यावर मुलांचे खिसे तपासा, हात धुवायला लावा.
3. कोणी विषारी बी किंवा शेंग खाल्ली तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. लगेच 101 ला फोन करा. उलटी करवू नका. उरलेली शेंग आणि एक पान पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा; त्यावरून झाड लवकर ओळखता येतं.

आपल्यातल्या ज्येष्ठांना झाडांची जी ओळख आहे ती मुलांना नाही. पुढच्या शब्बातला बागेत गेलात तर एक खाली पडलेली शेंग दाखवा आणि विचारा, "सांग, हे कोणाचं?"