दुष्काळातील सुई आणि दोरा

वेदीवरील शुभ्र वस्त्राची क्रोशाची किनार आपल्या डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. साखळी, मुका खांब, खांब हे टाके आपल्याकडील कितीतरी स्त्रिया आई-मावशीच्या शेजारी बसून शिकल्या. परंतु एकोणिसाव्या शतकात, आयर्लंडमध्ये, हेच टाके शिकणे हा अनेक कुटुंबांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होऊन बसला होता.

१८४५ साली त्या देशातील बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गोरगरिबांचे अन्न म्हणजे मुख्यतः बटाटाच. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. शेत बुडाले, खंड थकला, पुरुषांच्या हाताला काम उरले नाही. अशा वेळी मुलीबाळींच्या हातांना काम देणे हा एक मार्ग होता. क्रोशाला भांडवल थोडे लागते: आकडा असलेली एक सुई आणि सुताचा गुंडा. तयार सुई परवडत नसेल, तर साध्या सुईचे नेढे मोडून आकडा केला जाई व ती लाकडी मुठीत बसवली जाई.

हे शिक्षण देण्यात धर्मभगिनींचे मठ आघाडीवर होते. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथे उर्सुलाईन भगिनी गरीब मुलींना क्रोशा शिकवीत. यॉल येथील प्रेझेंटेशन मठात मदर मेरी अॅन स्मिथ यांनी जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा धागा-धागा उसवला, त्याची घडण समजून घेतली आणि मग ती मुलींना शिकवली. ही लेस क्रोशाची नव्हे, साध्या सुईची; पण शिकण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रॉटेस्टंट बंधुभगिनीही मागे नव्हत्या. किल्डेअर परगण्यातील श्रीमती रॉबर्ट्स यांनी शिक्षिका तयार करून गावोगाव धाडल्या. मोनॅहन परगण्यातील क्लोनिस येथे १८४७ साली आलेल्या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी अशाच शिक्षिकेच्या साहाय्याने वर्ग उभा केला. तेथील ‘क्लोनिस गाठ’ आजही विणणाऱ्यांना परिचित आहे.

मुलींपुढे आदर्श होता व्हेनिसच्या मौल्यवान सुईलेसचा. तिच्यासारखे रूप क्रोशाने पुष्कळ लवकर साधता येई. गुलाब, द्राक्षाचा घोस, शॅमरॉकचे तीन पानी चिन्ह हे नमुने जाड दोऱ्यावर वेगवेगळे विणले जात. मग ते आखलेल्या कापडावर टाचून मधल्या जागा नाजूक जाळीने भरल्या जात आणि शेवटी कापड काढून घेतले जाई. याच काळात रिएगो द ला ब्राँशारदिएर या फ्रेंच पित्याच्या व आयरिश मातेच्या कन्येने क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके छापण्यास आरंभ केला. पूर्वी केवळ नजरेने व हाताने पुढे जाणारी विद्या आता कागदावर उतरली.

तथापि, खेड्यातील मुलीच्या हाती बहुधा पुस्तक नव्हे, विणलेला एखादा तुकडाच येई. तिने पाहून विणलेला तुकडा शेजारीण पाही, तिचा तिसरी. नकलेची नक्कल होता होता आकृतीची रेषा बिघडत गेली. शिवाय एकीने फक्त गुलाब करायचे, दुसरीने फक्त पाने, अशी वाटणी असली की संपूर्ण वस्तू कशी घडते हे दोघींनाही कळत नसे. आणि ज्याला अपुरे येते त्याला मिळेल ती मजुरी स्वीकारावी लागते.

हे वैगुण्य १८८३ च्या कॉर्क येथील प्रदर्शनानंतर विशेष चर्चेत आले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अॅलन कोल आणि कॉर्कच्या कलाशाळेचे प्रमुख जेम्स ब्रेनन यांनी नव्या आकृत्यांचा आग्रह धरला. केनमेअर, किन्सेल येथील मठांत चित्रकलेचे वर्ग निघाले. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डा’ने दरिद्री पश्चिम भागात लेसचे व क्रोशाचे वर्ग चालवले. पुढे यंत्रावरील स्वस्त लेस, बदललेली वेषभूषा आणि पहिले महायुद्ध यांमुळे हा धंदा ओसरला.

या इतिहासातून एक गोष्ट निश्चित दिसते. भुकेल्याला भाकरी देणे हे दयेचे कृत्य आहेच. त्याच्या हाताला टाका शिकवणे हे त्याहून टिकाऊ आहे. पण टाक्याबरोबर आकृती आखण्याची विद्या, आणि मालाचा भाव समजण्याची अक्कल, हीही दिली पाहिजे. नाहीतर शिकणारी आयुष्यभर दुसऱ्याच्या नमुन्यावरच विणत राहते. आपल्या धर्मग्रामांत शिवण-विणकामाचे वर्ग काढताना, उसवून पाहणाऱ्या त्या मदरची आठवण ठेवावी. तिने लेस नुसती पाहिली नाही. ती कशी घडते हे आधी जाणले आणि मगच शिकवले.