रोधनिश्चिती, शक्तिव्ययावरून

विद्युत् मंडलातील रोधकात उष्णतेच्या रूपाने दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा म्हणजे त्याचा शक्तिव्यय होय. तो प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो; म्हणून शक्ती व प्रवाह ज्ञात असल्यास रोध भागाकाराने मिळतो. प्रवाह ज्ञात नसेल, तर मात्र उत्तर संदिग्ध राहू शकते. उदा., १२ व्होल्टच्या घटमालेशी (अंतर्गत रोध नगण्य) ४ ओहमचा व एक अज्ञात रोधक एकसरीत जोडले असून अज्ञात रोधकात ८ वॉट खर्च होत असतील, तर तो २ किंवा ८ ओहमचा असू शकतो.

या संबंधाचा पाया जेम्स प्रेस्कट जूल यांनी १८४१ मध्ये घातला. काचनळीवर गुंडाळलेल्या तारा पाण्यात बुडवून त्यांतून एकच प्रवाह सोडला असता त्यांत निर्माण होणाऱ्या उष्णता त्यांच्या रोधांच्या प्रमाणात असतात, असे त्यांना आढळले. रोधाचे निरपेक्ष एकक मात्र त्या वेळी नव्हते. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने ते ठरवून प्रमाणभूत वेटोळी तयार करविली. या वेटोळ्यांच्या आधारे जूल यांनी १८६७ मध्ये विद्युत् तापनाने उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक काढला, तो ७८३ फूट-पौंड आला. पाण्यात पाती फिरवून त्यांनीच पूर्वी काढलेले मूल्य ७७२ होते. जवळजवळ दीड टक्क्याची ही तफावत कुशल प्रयोगकर्त्याच्या हातून सहज घडणारी नव्हे. १८७८ मध्ये जूल यांनी पात्यांचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही ७७२.५५ हेच मूल्य मिळाले. साहजिकच संशय ओहमवर आला. पुढे लॉर्ड रॅली यांनी केंब्रिज येथे केलेल्या मापनांवरून समितीचे एकक खऱ्या ओहमच्या सु. ०.९८७ पट असल्याचे सिद्ध झाले. ७८३ ला या गुणकाने गुणल्यास ७७३ च्या आसपासचे मूल्य येते. प्रमाणभूत वेटोळ्यांतील चूक अशा रीतीने पाण्याच्या तापमानाने आधीच दाखवून दिली होती. वॉट हे शक्तीचे एकक रूढ झाले ते यानंतर, १८८० च्या दशकात.

प्रयोगशाळेत मोजावयाची ही उष्णता व्यवहारात पुष्कळदा निव्वळ बाहेर टाकावी लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला ही भारतातील पहिली विद्युत् गाडी १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर धावली. अशा गाड्यांत थांबलेल्या मोटरीत विरोधी दाब नसल्याने आरंभीचा प्रवाह एकसरीत जोडलेल्या रोधकांनी मर्यादित करीत. ३०० अँपिअर प्रवाह घ्यावयाचा असल्यास मंडलाचा एकूण रोध ५ ओहम असावा लागतो आणि त्यात ४५० किलोवॉट शक्ती उष्णतेत जाते. गाडीचा वेग वाढेल तसे हे रोधक टप्प्याटप्प्याने मंडलातून वगळीत; तोपर्यंत ते जळू नयेत म्हणून त्यांच्या पट्ट्यांचा आकार रोधाबरोबरच शक्तिव्ययावरूनही ठरवावा लागे. मुंबईच्या उपनगरी मार्गांचे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती दाबावरील रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले.