कोरी पट्टी

६ डिसेंबर १८९७. बर्लिनच्या थंडीनं तुमचे कान बधिर झालेत. विजयस्तंभ मागे टाकून तुम्ही राईशस्टागच्या पायऱ्या चढता. संसदेची ही इमारत उघडून तीनच वर्षं झालीत. दर्शनी खांबांवर लेखासाठी दगडी पट्टी सोडलीय, पण तिच्यावर अक्षर नाही. इमारत अर्पण कुणाला, ते लिहायचं राहिलंय.

प्रेक्षकांच्या सज्जात जागा मिळते. खाली सरकारी बाकांवर दुभंगलेल्या दाढीचा एक धिप्पाड माणूस बसलाय. हा रिअर ॲडमिरल टिरपिट्झ, जूनपासून आरमार खात्याचा प्रमुख. आधीच्या प्रमुखाची मागणी याच सभागृहानं कापली आणि त्याला पायउतार व्हावं लागलं. कैसरच्या मंत्र्यांना काढण्याचा अधिकार या सभासदांना नाही. त्यांच्या हाती आहे ती फक्त तिजोरीची चावी.

तुम्हाला वाटतं, दर्यावर्दी गडी आहे, आता गरजेल. पण आरमाराच्या नव्या कायद्याचा मसुदा मांडताना हा बोलतो दिवाणजीसारखा. १९ मोठ्या युद्धनौका, त्यांतल्या बऱ्याचशा आधीच हाताशी. सात वर्षांत सुमारे ४१ कोटी मार्क. वर एक पैही नको. किनारा राखायचा, व्यापार राखायचा. सगळं कसं मोजूनमापून. जर्मनीलाही उन्हात जागा हवी, हे टाळ्यांचं वाक्य परराष्ट्र खात्याच्या ब्यूलोवनं याच चर्चेत म्हणायचं आहे.

तुम्ही मात्र सव्वाशे वर्षं पुढून आलाय. याच टिरपिट्झनं जूनमध्ये कैसरला दिलेल्या गुप्त टिपणात समुद्रावरचा सर्वांत धोकादायक शत्रू म्हणून इंग्लंडचं नाव लिहिलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या बाकांवर त्याची वार्ता नाही.

अर्थसंकल्पाची ओळ न् ओळ उसवणारा ऑयगेन रिश्टर खाली बसलाय. त्याला यातली मेख दिसते. नौकांची संख्या कायद्यातच बांधलेली आहे, आणि मोठी नौका २५ वर्षांची झाली की तिच्या जागी नवी बांधायची, हेही. एकदा ‘हो’ म्हटलं की नकाराची सोयच उरत नाही. सालाबादप्रमाणे झोळी घेऊन दारात यायचं टिरपिट्झला टाळायचंय. पैसा तर त्याला हवाच आहे. त्याहून जास्त हवी आहे ती पुन्हा न विचारण्याची मुभा.

सज्जातून ओरडावंसं वाटतं. पण इथे तुमचा आवाज पोचत नाही.

डोळे मिटून उघडता, तो २८ मार्च १८९८. मधल्या काळात टिरपिट्झनं एकेका सभासदाला भेटून, गोडीगुलाबीनं वळवलंय. कॅथलिकांच्या मध्य पक्षाचा लीबर त्याच्या बाजूनं आहे, आणि पारडं तिथेच झुकतं. बाजूनं २१२, विरुद्ध १३९. बाकांवर हस्तांदोलनं चालतात. चावी हातातून गेल्याचं दुःख फारसं कुणाच्या चेहऱ्यावर नाही.

दोनच वर्षांत १९ चे ३८ होतील. इंग्लंडही इरेला पेटेल. आणि जून १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध हरल्यावर, स्कापा फ्लोच्या खाडीत नजरकैदेत असलेलं हे आरमार जर्मन खलाशीच आपल्या हातांनी बुडवतील.

बाहेर पडून तुम्ही वर बघता. पट्टी कोरीच आहे. ‘जर्मन जनतेस’ ही अक्षरं तिथे चढतील १९१६ साली, ऐन युद्धात. लोकांकडून सगळं घेऊन झाल्यावर.