अजित डोवाल : केरळचे एएसपी ते देशाचे सुरक्षा सल्लागार, मोबाईलवरच्या गोष्टी किती, नोंदीतलं किती?

सीमेवर काही घडलं की दोन-चार तासांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजित डोवाल यांचा फोटो येतोच. खाली लिहिलेलं असतं, हा माणूस सात वर्षं वेष बदलून पाकिस्तानात राहिला, कधी रिक्षावाला झाला, कधी भिकारी. वाचणारा पुढे पाठवतो. पण हे गृहस्थ मुळात कोण आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणजे नेमकं काय काम, हे विचारलं तर ग्रुपवर सगळे गप्प.

डोवाल (हिंदीत डोभाल असंही लिहितात) यांचा जन्म २० जानेवारी १९४५ चा. गाव उत्तराखंडच्या पौडी गढवाल जिल्ह्यातलं, डोंगरातलं. वडील सैन्यात. शिक्षण अजमेरच्या मिलिटरी स्कूलमध्ये, पुढे आग्रा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. १९६८ मध्ये ते आयपीएस झाले आणि केडर मिळालं केरळ. १९७१ च्या अखेरीस तिथल्या तलश्शेरीत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा हा नवखा अधिकारी एएसपी म्हणून तिकडे पाठवला गेला. खाकी वर्दीतली नोकरी तेवढीच. लगेचच ते गुप्तचर विभागात, म्हणजे आयबीत गेले आणि तिथेच रमले.

मिझोराममध्ये १९६६ पासून लालडेंगा यांच्या मिझो नॅशनल फ्रंटचं बंड सुरू होतं. डोवाल यांनी तिथे बंडखोरांच्या सेनापतींशी ओळखी वाढवल्या आणि लालडेंगांचे बरेचसे साथीदार फोडले, असं सांगितलं जातं. ३० जून १९८६ ला मिझोराम करार झाला आणि तिथे शांतता आली, ती आजवर टिकून आहे. करारामागे पुष्कळ हात होते, डोवाल त्यातले एक.

रिक्षावाल्याची गोष्ट येते मे १९८८ ची. अमृतसरच्या सुवर्ण मंदिरात पुन्हा अतिरेकी घुसून बसले होते. १९८४ सारखा रक्तपात नको म्हणून या वेळी वेढा घालून, पाणी-वीज तोडून त्यांना बाहेर काढायचं ठरलं. ऑपरेशन ब्लॅक थंडर ते हेच. आत किती माणसं, किती हत्यारं, ही माहिती डोवाल यांनी वेष पालटून आत जाऊन आणली असं म्हणतात. सरकारने तपशील कधी छापला नाही. नोंद आहे ती कीर्ती चक्राची. अशोक चक्राखालोखालचं हे शांतताकाळातलं शौर्यपदक पोलीस अधिकाऱ्याला मिळण्याची ती पहिलीच वेळ मानतात. पाकिस्तानातही ते काही वर्षं होते, पण इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्त कार्यालयात नेमणुकीवर. वेषांतराच्या गोष्टी त्या भोवती वाढल्या.

कंदाहार

त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात जड पान फॉरवर्डमध्ये सहसा येत नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान पाच जणांनी पळवलं. अमृतसर, लाहोर, दुबई करत ते अफगाणिस्तानात कंदाहारला उतरलं. दीडशेहून जास्त प्रवासी आत, एका नवविवाहित तरुणाला आधीच मारलेलं, विमानाभोवती तालिबानचे हत्यारबंद लोक. भारतातून बोलणी करायला जे पथक गेलं, त्यात आयबीकडून डोवाल होते. समोरच्यांची मागणी होती ३६ अतिरेकी आणि २० कोटी डॉलरची. घासाघीस होऊन ती तिघांवर आली. इकडे दिल्लीत प्रवाशांचे नातेवाईक रस्त्यावर, टीव्हीवर रोज रडारड. ३१ डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर यांना सोडलं आणि प्रवासी घरी आले.

छत्तीसचे तीन झाले, हे बोलणी करणाऱ्यांचं यश म्हणायचं तर म्हणा. पण त्या तिघांत मसूद अझहर होता. त्याने २००० मध्ये जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफच्या ४० जवानांचा जीव घेणाऱ्या स्फोटाची जबाबदारी याच जैशने घेतली. त्या चाळिसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. १२ दिवसांनी, २६ फेब्रुवारीला वायुसेनेने बालाकोटला जैशच्या तळावर बॉम्ब टाकले. तेव्हा सुरक्षा सल्लागार कोण होते? डोवालच. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या सुटकेच्या बोलणीत बसावं लागलं, त्याच्याच संघटनेशी पुन्हा गाठ पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा. त्यानंतरच्या ऑपरेशन सिंदूरमध्येही बहावलपूरचं जैशचं ठाणं होतंच.

हे पद म्हणजे काय?

तालुक्यात महसूल, पोलीस, पाटबंधारे यांचे कागद वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात, एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. दिल्लीतही सैन्य, गुप्तचर, गृह, परराष्ट्र यांचं तसंच व्हायचं. पोखरणच्या अणुचाचणीनंतर नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने या सगळ्यांचा मेळ घालायला हे पद काढलं. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र. नंतर जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन. डोवाल पाचवे. अण्वस्त्रांच्या कार्यकारी परिषदेचं अध्यक्षपद सल्लागाराकडे असतं आणि चीनशी सीमेची बोलणीही तोच करतो. गलवानच्या झटापटीनंतर जुलै २०२० मध्ये चीनच्या वांग यी यांच्याशी फोनवर बोलून सैन्य मागे घेण्याचं ठरलं, ते डोवाल यांनीच ठरवलं.

एवढी ताकद, पण या पदासाठी संसदेचा वेगळा कायदा नाही. सल्लागार निवडून येत नाही, लोकसभेत उभा राहून उत्तर देत नाही. २६/११ नंतर गृहमंत्रिपद सोडावं लागलं ते लातूरच्या शिवराज पाटलांना. सल्लागार नारायणन पदावर राहिले. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. जवळ सैन्य असताना दिल्लीहून एनएसजी का पाठवली, म्हणून डोवाल यांच्यावर बरीच टीका झाली. उत्तर सरकारने दिलं, त्यांनी नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डोवाल आयबीचे प्रमुख झाले ते जुलै २००४ मध्ये, म्हणजे मनमोहन सिंग सरकारच्या काळात. जानेवारी २००५ ला निवृत्त झाले. पुढे २००९ मध्ये दिल्लीत विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशन या अभ्यास संस्थेचे पहिले संचालक झाले. मोदी सरकार आल्यावर ३० मे २०१४ पासून ते सल्लागार आहेत. २०१९ मध्ये कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला, जून २०२४ मध्ये तिसऱ्यांदा नेमणूक झाली. इतका काळ या पदावर दुसरं कोणी राहिलेलं नाही. नेमणुकीच्या आदेशात मुदत पंतप्रधानांच्या कार्यकाळाला बांधलेली आहे.

राहिलं त्यांच्या नावाने फिरणाऱ्या खात्यांचं. ट्विटरवर डोवाल यांचं कोणतंही अधिकृत खातं नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. तरीही त्यांच्या फोटोची खाती निघतात आणि तिथला मजकूर "डोवालसाहेब म्हणाले" म्हणून ग्रुपवर येतो.