वाटेच्या खुणा

रस्ता सरकार बांधते, वाट मात्र पायांनी पडते. रस्त्याला पाटी असते, वाटेला खूण असते. आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही खूण वाचता येते.

आमच्या लोहाऱ्याच्या मुलखात जमीन काळी. उन्हाळ्यात पडलेली पाऊलवाट दोन पावसांत चिखलात विरते, उरलीसुरली नांगराखाली जाते. म्हणून पूर्वजांनी वाटेची आठवण उभ्या वस्तूंच्या हवाली केली. शिवेचा धोंडा, शेंदूर फासलेला म्हसोबा, विहिरीवरचा लिंब, गावची वेस, देवळाचे शिखर! आश्विनी पौर्णिमेला तुळजापुरास पायी निघालेला भाविक ‘चिंचेवरून वळा, ओढा उतरा, मग मावळतीचा रोख धरा’ एवढ्या सांगण्यावर पुढचे गाव गाठी.

राज्यकर्त्यांनीही हेच मोठ्या प्रमाणावर केले. शेरशहाने व त्याच्यामागून मोगल बादशहांनी उत्तर हिंदुस्थानच्या हमरस्त्यांवर कोसाकोसाला मिनार उभारले. पुढे कोस गेले, मैल आले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैलही जाऊन किलोमीटर आले. आज नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा.

हौसेने डोंगर तुडवणाऱ्यांनी तर खुणांची एक लिपीच केली आहे. अमेरिकेत १९३७ साली पुरी झालेली अ‍ॅपलाशियन पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. तिच्यावर झाडांना दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले, की समजावे, पुढे वळण आहे. आपल्या सह्याद्रीतील गडवाटांवर रंगवलेले बाण व एकावर एक रचलेले दगड हेच काम करतात. पण रंग उन्हापावसाने उडतो. तो पुन्हा देणारे हात थांबले, की वाट बुजलीच म्हणावी.

हे आमच्या भागाने फार कठीण रीतीने पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असता, धरणी हलली. किल्लारीपासून आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरपर्यंत दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसली; सरळ रस्ते, ओळीने एकसारखी घरे. गाव हलले, पण म्हसोबा, विहीर, शीव हलली नाही. ज्या वेशीकडे वाटा येत होत्या ती वेसच उरली नाही. आता जुन्या वाटा ठाऊक असलेली माणसे थकत चालली आहेत, आणि त्या नव्या पिढीस दाखवणारे दुसरे कोणी नाही.

म्हणून, वाचकहो, यंदा फराळ झाला की मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना आजोबांबरोबर शिवारात धाडा. कोणत्या दगडाला काय म्हणतात, कोणत्या झाडावरून कोणत्या गावास वळायचे, ते सारे लिहून आणू द्या. सुट्टीतला याहून चांगला अभ्यास मला तरी सुचत नाही.