चहाच्या मळ्याची परवानगी, कपाशीच्या शेतातला वापर : तणनाशकांच्या सुरक्षा-परीक्षेचा इतिहास

१/ विदर्भात चहाचा मळा नाही. तरीही चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागांसाठी परवानगी मिळालेले ग्लायफोसेट हे तणनाशक गेली काही वर्षे आपल्याकडच्या कपाशीत सर्रास फवारले जाते. कागदावरची परवानगी आणि शेतातला वापर यांत एवढे अंतर कसे पडले? मित्रहो, आजची लेखमाला या प्रश्नाविषयी आहे. लढाया आणि सनावळ्या यांच्याइतकाच बाटलीवरच्या चिठ्ठीलाही इतिहास असतो.

२/ प्रारंभ एका दुर्घटनेपासून करावा लागेल. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात विषबाधेने शंभराहून अधिक माणसे मेली. पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक वाहतुकीत अन्नधान्याच्या सान्निध्यात आले होते आणि ते पिठात मिसळले. विष विकणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवर देशव्यापी नियंत्रण नव्हते. सरकारने चौकशी आयोग नेमला, पुढे तज्ज्ञांची समिती बसली, आणि दहा वर्षांनी, २ सप्टेंबर १९६८ रोजी, कीटकनाशक कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९७१ मध्ये नियम तयार होऊन तो अमलात आला.

३/ या कायद्याची एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यातील ‘कीटकनाशक’ या शब्दाच्या व्याख्येत बुरशीनाशके आणि तणनाशकेही येतात. म्हणजे गवत मारणारे औषध कायद्याच्या दृष्टीने ‘कीटकनाशक’च होय. त्या काळी चिंता किडीची होती. तण काढायला माणसे होती, किंबहुना बाया होत्या. निंदण आणि डवरणी यांवर वऱ्हाडातील कपाशी पिढ्यान्‌पिढ्या उभी होती.

४/ पाश्चात्त्य देशांत मात्र तणाचा प्रश्न रसायनाकडे आधीच गेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झालेले २,४-डी हे औषध १९४५ च्या सुमारास बाजारात आले. ते रुंद पानांची झाडे मारते आणि गवताला सहसा धक्का लावत नाही. त्यामुळे गव्हाच्या शेतकऱ्याइतकेच घरापुढची हिरवळ राखणारे हौशी लोकही त्याचे गिऱ्हाईक झाले. १९७० मध्ये अमेरिकेतील जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने ग्लायफोसेटचा तणनाशक गुण ओळखला आणि १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ या नावाने विक्रीस आले. हे औषध निवड करीत नाही. हिरवे दिसेल ते मारते.

५/ आता परीक्षेकडे वळू. नवे औषध आणणाऱ्याने नोंदणी समितीपुढे चार बाबतींत पुरावा ठेवायचा असतो : रसायनाची घडण, पिकावरील परिणामकारकता, विषारीपणा, आणि वेष्टन व चिठ्ठी. समितीची खात्री पटली तरच कलम ९(३) खाली नोंदणी होते. देशात प्रथमच येणाऱ्या औषधाला कलम ९(३ ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी देण्याची सोय आहे. परवानगी सरसकट नसते. कोणत्या पिकात, कोणत्या तणासाठी, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबून, हे सारे ठरवून दिलेले असते.

६/ ‘सुरक्षित मात्रा’ कशी ठरते? प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही अपाय दिसला नाही, ती मात्रा घेतात आणि सामान्यतः तिला शंभराने भागतात. प्राणी आणि माणूस यांच्यातील फरकासाठी दहा, आणि माणसामाणसांतील फरकासाठी आणखी दहा. समजा, दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅमपर्यंत प्राण्याला काही झाले नाही, तर माणसासाठी रोजची सह्य मात्रा १ मिलिग्रॅम. हा संकेत १९५० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला आणि आज जगभर चालतो. त्यात सावधगिरी आहे, पण तो मुख्यतः अन्नातून पोटात जाणाऱ्या अंशाचा हिशेब आहे. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याच्या त्वचेचा आणि श्वासाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

७/ त्या दुसऱ्या हिशेबात एक माणूस गृहीत धरलेला असतो. त्याच्या हातात मोजे आहेत, तोंडावर मास्क आहे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आहेत, त्याने चिठ्ठी वाचली आहे. १९७१ च्या नियमांतही संरक्षक पोशाखाची तरतूद आहे. हा माणूस कागदावर जन्मला. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने त्याच्याऐवजी खरा माणूस दाखवला.

८/ त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. नोंद स्पष्ट असावी म्हणून सांगतो : या घटनेत संशय मुख्यतः कीटकनाशकांवर होता, तणनाशकांवर नव्हे. पण धडा दोघांनाही लागू पडतो. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवेत दमटपणा, दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळलेली, आणि अंगात साधा सदरा. एकेका औषधाची परीक्षा झाली होती. शेतकऱ्याने केलेल्या मिश्रणाची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

९/ मग तणनाशक कपाशीत आले कसे? ग्लायफोसेट साध्या कपाशीलाही मारते. त्यासाठी ते सहन करणारे जनुक घातलेले बियाणे लागते. अशा बियाण्याच्या मंजुरीसाठीचा अर्ज महिको कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. मंजुरी थांबली, बियाणे मात्र थांबले नाही. गावोगावी ते ‘चोर बीटी’ म्हणून पोहोचले. संशयित कपाशी बियाण्यांची जनुके तपासणारी संदर्भ प्रयोगशाळा आपल्या नागपुरात, १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आहे. तीच नागपूर ज्या प्रदेशाची बाजारपेठ, त्याच प्रदेशात हे बियाणे पसरत गेले.

१०/ शेतकऱ्याला येथे केवळ दोषी ठरवणे हा आळशी इतिहास होईल. पावसाची झड लागली की डवरा चालत नाही, निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. तण मात्र दिवसागणिक वाढते. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे जाहीरपणे पेरले. त्यांच्या दृष्टीने तो तंत्रज्ञान निवडण्याच्या हक्काचा सत्याग्रह होता. विरोधकांच्या दृष्टीने तो परीक्षा टाळण्याचा मार्ग होता.

११/ विज्ञानाचा निवाडाही एकमुखी नाही. ग्लायफोसेट वनस्पतींच्या ज्या जैवरासायनिक मार्गात अडथळा आणते, तो मार्ग प्राण्यांत नसतो. म्हणून ते दीर्घकाळ निर्धोक मानले गेले. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा धोका संभवत नाही, असा निष्कर्ष दिला. दोघांनी एकच प्रश्न विचारला नव्हता. पहिल्याचा प्रश्न होता, हा पदार्थ कर्करोग घडवू शकतो का? दुसऱ्याने मुख्यतः शुद्ध घटकाकडे पाहिले, आणि कंपन्यांनी सादर केलेले अप्रकाशित अभ्यासही विचारात घेतले. साधने बदलली की निष्कर्ष बदलतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

१२/ ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माणसे आणि जनावरे यांच्या आरोग्याला असलेला धोका नमूद करून ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. म्हणजे ५४ वर्षांनी कायद्याने पुन्हा तोच कागदावरचा प्रशिक्षित माणूस समोर उभा केला. फवारणाऱ्या प्रत्येकाला संरक्षण पुरवणे अवघड होते, म्हणून फवारणारा बदलण्याचा हुकूम निघाला. विदर्भातल्या गावात असा व्यावसायिक कोठून येणार, हा प्रश्न हुकुमाबाहेर राहिला.

१३/ १९५८ मध्ये विष अन्नात मिसळले तेव्हा मरणारे अन्न खाणारे होते, आणि त्यातून जन्मलेल्या व्यवस्थेचे लक्ष खाणाऱ्याकडे विशेष राहिले. २०१७ मध्ये मरणारे अन्न-वस्त्र पिकवणारे होते. माझ्या मते या इतिहासातला खरा तिढा येथे आहे. सुरक्षा-परीक्षा खोटी नसते. ती ज्या माणसाला समोर ठेवून घेतली, तो माणूस आपल्या बांधावर नसतो.

१४/ शेवटी एक विनंती. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर जुन्या औषधाची घडीपत्रिका, कृषी केंद्राची पावती किंवा मजुरीची वही सापडली तर फेकू नका. रिकाम्या बाटलीला मात्र हात लावू नका. आणि आजीला विचारून ठेवा : एकरभर निंदायला किती बाया लागत, किती दिवस लागत, हातात काय पडे. अशा तोंडी नोंदी सरकारी दप्तरात मिळत नाहीत. मिळालेल्या नोंदी खाली लिहा, पुढची लेखमाला त्यांवरच करू.