रख्शला मातीचा वास आला होता

जुन्या अद्भुतकथांमध्ये नायकाचं जनावर त्याच्या नशिबाला बांधलेलं असतं. धनी पडला की घोडाही पडतो. आपण त्याला इमानदारी म्हणतो आणि पुढे जातो. फिरदौसीचा ‘शाहनामा’ वाचताना मला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही.

इराणमधल्या तूसच्या फिरदौसीने हे महाकाव्य इ.स. 1010 च्या सुमारास पूर्ण केलं. त्यात राजे आहेत, तसेच देव (म्हणजे राक्षस), अजगर आणि सीमुर्ग पक्षीही आहेत. त्याचा सर्वात मोठा पहिलवान रुस्तम आणि त्याचा घोडा रख्श. रुस्तम ज्या घोड्याच्या पाठीवर हात दाबी तो खाली बसे. फक्त रख्श ताठ उभा राहिला. किंमत विचारली तेव्हा राखणदार म्हणाला, तू रुस्तम असशील तर याची किंमत इराणची भूमी आहे, जा आणि तिचं रक्षण कर. म्हणजे सौदा झाला तेव्हाच दोघांचं नशीब एक झालं.

ही जोडी फिरदौसीच्याही आधीची आहे. मध्य आशियातल्या पंजीकंटच्या भिंतींवर आठव्या शतकात रंगवलेला रुस्तम तांबूस घोड्यावर बसलेला दिसतो. सोग्दी भाषेतल्या कथेच्या एका जुन्या तुकड्यातही झोपलेल्या रुस्तमला रख्शच जागं करतो.

फिरदौसीकडेही रख्श जागाच असतो. धनी झोपलेला असताना तो सिंहाला मारतो. पुढे अजगर येतो तेव्हा तो दोनदा रुस्तमला उठवतो. पण अजगर अंधारात नाहीसा होतो आणि रुस्तम उलट घोड्यालाच दम देतो. तिसऱ्यांदा अजगर दिसतो आणि जीव वाचतो.

शेवटी मात्र असं होत नाही. रुस्तमचा सावत्र भाऊ शगाद काबूलच्या राजाशी संगनमत करून शिकारीच्या वाटेवर खड्डे खणवतो आणि त्यांत भाले, तलवारी रोवतो. रख्शला ताज्या उकरलेल्या मातीचा वास येतो. तो बिचकतो, पुढे पाऊल टाकत नाही. रुस्तम चिडून त्याला चाबूक मारतो. दोघेही खड्ड्यात जातात. जखमी रुस्तम मरता मरता झाडाच्या खोडाआड लपलेल्या शगादला बाणाने टिपतो. पण घोड्याचं काय? नंतर रुस्तमचा मुलगा फरामर्ज दोघांचीही प्रेतं आणतो आणि रख्शलाही कफन मिळतं.

याच शाहनाम्यात सियावुशचा काळा घोडा बेहजाद आहे. मारलं जाण्याआधी सियावुश त्याच्या कानात सांगतो, माझा मुलगा कैखुसरो येईपर्यंत कुणाच्या हाती लागू नकोस. घोडा वर्षानुवर्षं रानात राहतो आणि मुलगा आल्यावर ओळखून उसासा टाकतो. इथे धन्याने जनावराशी बोलून निरोप घेतला, म्हणून नशिबाची दोरी तुटली नाही. रुस्तमने ऐकलं नाही, म्हणून ती दोघांच्या गळ्याला लागली.

घोड्याची आठवण जपणं आपल्याला नवं नाही. दख्खनमध्ये मोहरमला नालसाहेबाचा मान असतो, जुलूसमध्ये दुलदुल निघतो आणि अनेक गावांत हिंदू शेजारीही नवस बोलतात. पण त्या प्रेमात आपण घोड्याला फक्त इमानदार ठरवतो. त्याला काही कळतही होतं, हे विसरतो.

कुरआन शरीफमधल्या ‘आदियात’ या सूरेत धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांची शपथ आहे आणि लगेच माणूस आपल्या रबशी कृतघ्न असल्याचं सांगितलं आहे. अनेक मुफस्सिर त्यातला विरोध दाखवतात: जनावर धन्यासाठी जीव टाकतं, माणूस मात्र देणाऱ्याला विसरतो.

म्हणून रख्शचा मृत्यू मला नशिबाचा आरसा वाटत नाही. नशिबाच्या नावावर आपण चाबकाचा हिशेब टाळतो. सत्ता, घर, जमात, कुठेही जो खाली आहे त्याला धोक्याचा वास आधी येतो. तो थांबतो तेव्हा आपण त्याला अडेल म्हणतो. आणि खड्डा शेवटी दोघांचाही असतो.